हाड भरून काढण्यासाठी विषाणूविना जनुकवहन

मोडलेले हाड बहुधा आपण होऊन सांधते. परंतु अपघातात किंवा शस्त्रक्रियेत हाडाचा मोठा तुकडाच गेला, तर ती पोकळी आपोआप भरून येत नाही. क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड तयार होते, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले आणि त्यातूनच पुढे बीएमपी ही हाड घडवायला लावणारी प्रथिने हाती आली. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत २००२ मध्ये बीएमपी-२ ला मंजुरी मिळाली. मात्र हे प्रथिन शरीरात फार काळ टिकत नसल्याने त्याची मात्रा मोठी ठेवावी लागते, आणि मग सूज येणे, भलत्याच जागी हाड वाढणे असे त्रास उद्भवू शकतात.

प्रथिनाऐवजी त्याचे जनुकच जखमेतील पेशींना दिले, तर त्या ते प्रथिन जागच्या जागी, थोडे थोडे तयार करतात. विषाणू हे जनुक पेशीत चोख पोहोचवतात. पण शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडू शकते, आणि काही विषाणू आपला ऐवज पेशीच्या डीएनएत कायमचा गुंफून टाकतात. प्राणघातक आजारात हा धोका पत्करणे समजण्यासारखे आहे, हाडासाठी तो पत्करणे सहज पटत नाही.

विषाणूविना जायचे, तर पेशीपटल आडवे येते. डीएनए ऋणभारित असतो आणि पटलाचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणून डीएनए धनभारित मेदात किंवा बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) गुंडाळतात, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेटच्या सूक्ष्म कणांवर बसवतात; हाडातील खनिजही याच जातकुळीचे, हा एक चांगला योग. आत शिरलेला बराचसा डीएनए पेशीतील पिशव्यांत अडकून नष्ट होतो, आणि जो वाचतो त्याला केंद्रक गाठावे लागते. डीएनएऐवजी संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकातील आज्ञेची प्रत, दिली तर ही शेवटची अडचण टळते, कारण तिचे काम केंद्रकाबाहेरच चालते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छोट्या जातीच्या डुकरांच्या नडगीतील पोकळीत कोलॅजन या प्रथिनाचा सांगाडा बसवण्यात आला. मूळ पेशी (स्टेम सेल) तेथे गोळा व्हाव्यात म्हणून दोन आठवडे थांबून, बीएमपी-६ चे जनुक सूक्ष्म बुडबुड्यांसह टोचण्यात आले आणि त्वचेवरून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडण्यात आल्या, ज्यांच्या आघाताने पेशीपटलाला क्षणभर छिद्रे पडतात. उपचारानंतर सहा आठवड्यांत हाड सांधले. जनुकाचे काम तात्पुरतेच चालले होते, आणि एरवी जी या पद्धतीची उणीव मानली जाते, ती येथे सोयीचीच ठरते, कारण सांधणे मार्गी लागल्यावर हाड वाढवणारी आज्ञा थांबलेलीच बरी.