किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या : हक्क आधी कोणाचा?

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नाशिककर श्रोतेहो, सह्याद्रीच्या अलीकडे बसून समुद्रकाठच्या टेकड्यांची चर्चा कशाला, अशी शंका काहींच्या मनात असेल. त्र्यंबकेश्वरच्या परिसरातून गोदावरी पूर्वेकडे जाते, पण वैतरणा पश्चिमेला वळून अरबी समुद्राला मिळते आणि आपल्या जिल्ह्यातली वाळू सोबत घेऊन निघते. इगतपुरीजवळच्या अप्पर वैतरणेपासून मोडकसागरापर्यंतची धरणे त्यातली बरीचशी अडवतात, खाली खाडीत वाळू उपसणारे सक्शन पंप चालतात, आणि मग पालघरचा किनारा का खचतो याचे आपण आश्चर्य करतो.

टेकडी तयार कशी होते, ते आधी पाहू. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठच्या सपाट पट्ट्यावरची, आणि टेकडीच्या पायथ्याची वाळू ओढून उथळ समुद्रात नेऊन टाकतात. दिवाळीनंतर शांत झालेला समुद्र ती पुन्हा काठावर आणतो, वारा तिला मागे ढकलतो आणि मर्यादवेलीसारख्या वनस्पती तिला धरून ठेवतात. टेकडीने दरवर्षी थोडे खचणे आणि पुन्हा भरणे हीच तिची प्रकृती आहे. सातबाऱ्यावरची हद्द मात्र जागची हलत नाही, आणि बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

या टेकडीवर हक्क सांगणारे अनेक आहेत. मच्छीमारांना होड्या ओढून ठेवायला, जाळी पसरायला, बोंबील सुकवायला मोकळी पुळण लागते. मागच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांना खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा हवा असतो. पर्यटनावर जगणाऱ्यांना समुद्र दिसणारी खोली हवी असते आणि त्यासाठी टेकडी सपाट करण्याचा मोह होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारख्या गावात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी घरट्यांचे संरक्षण आणि घरगुती पाहुणचार यांची सांगड घातली, म्हणून तिथे दोन हितांचा मेळ बसू शकला. सगळीकडे तो इतक्या सहज बसत नाही.

‘प्रत्येकाला थोडे थोडे द्या’ हा समतोलाचा रूढ अर्थ मला इथे मान्य नाही. समुद्राकडची पहिली रांग एका ठिकाणी फोडली, की वारा त्या खिंडीतून आत घुसतो आणि शेजारची वाळूही उडवून नेतो. त्यामुळे टेकडीला हलण्यासाठी लागणारी जागा आधी बाजूला ठेवावी आणि वाटाघाटी उरलेल्या जागेविषयी कराव्यात. त्यातही ज्याचा व्यवसाय दुसरीकडे नेता येत नाही, त्याचा विचार पहिला व्हावा. हॉटेल शंभर मीटर मागे सरकू शकते. होडी सरकू शकत नाही.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा प्रश्नही याच हिशोबात येतो. गावाची मागणी खरी असते, कारण घरे पडत असतात. पण दगडी बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि धूप बंधाऱ्याच्या टोकापलीकडे, म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत सरकते. तरीही असा निर्णय घेताना त्या गावाला कोणी विचारत नाही. केळवे-अर्नाळ्यासारख्या ठिकाणच्या सुरूच्या बागांविषयीही नीट विचार व्हायला हवा. त्यांची सावली सर्वांना आवडते, पण त्या दाट पाल्याखाली स्थानिक वेली वाढत नाहीत.

कायदा आहे. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना १९९१ची, त्यानंतर २०११ आणि २०१९च्या अधिसूचना आल्या. वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात. २०१९मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ना-विकास पट्टा, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला किनारपट्टा, २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला गेला, तरी टेकडीचे संरक्षण कागदावर कायम आहे. अडचण नकाशाची आहे. जी टेकडी आधीच सपाट झाली, ती नकाशावर उमटत नाही.

द्राक्षबागायतदारांच्या या जिल्ह्यात पाण्याचा मुद्दा अधिक विस्ताराने सांगायला हवा. टेकडीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ हिशोबाने, गोड्या पाण्याची पातळी १ मीटर खाली गेली, तर खालची खारी सीमा सुमारे ४० मीटर वर चढते. ॲमस्टरडॅम शहर १८५३पासून टेकड्यांखालचे पाणी पीत आले. उपसा वाढून खारेपणा चढू लागला, तेव्हा १९५७पासून ऱ्हाईन नदीचे पाणी आणून त्या टेकड्यांत मुरवणे सुरू झाले. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या हॉटेलची बोअरवेल आणि कोळीवाड्याची विहीर एकाच साठ्यातून पाणी घेत असतील, तर उपशाची मर्यादा बांधकामाच्या परवानगीबरोबरच ठरायला हवी.

ती ठरवणार कोण? दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, त्याचे कारण कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. ज्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हते ते एकत्र आले, पाणी मोजून घेऊ लागले, आणि मग वाटपाला अर्थ आला. किनाऱ्यावर अशी मोजणी क्वचितच गावाच्या हाती असते. ग्रामसभा, मच्छीमार सोसायटी, मासे सुकवणाऱ्या बायका आणि बंधाऱ्याच्या पलीकडचे गाव यांनी मिळून ठरलेल्या खांबांपासून टेकडीची उंची आणि पायथा मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये मोजावा. ही नोंद ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, आणि नवी परवानगी मागणाऱ्याच्या अर्जासोबत ती जोडणे बंधनकारक करावे.