निविदा फेटाळली गेली तर

मंडळी, नमस्कार. गोव्यात फोंडा परिसरातल्या लहान कंत्राटदारांची टेंडरं भरून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. टेंडर कसं भरावं हे तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचं आहे ते टेंडर फेटाळल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांबद्दल.

ओळखीच्या एका कंत्राटदाराची हकिगत सांगतो. गावातल्या ओहोळाला संरक्षक भिंत बांधायची होती. दर त्यानं पोटाला चिमटा घेऊन लावला होता. तांत्रिक लिफाफा, म्हणजे दराआधी तपासायचे पात्रतेचे कागद, उघडला आणि पोर्टलवर त्याच्या नावापुढे एकच शब्द उमटला, 'अपात्र'. का, ते कुणी सांगेना. त्यानं माहिती हक्काखाली अर्ज घातला. त्या कायद्यात उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात दुसऱ्याला वर्क ऑर्डर, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, मिळालीही. पुढे कळलं, त्याचं प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात होतं. नवा नमुना शुद्धिपत्रकातून, अगदी शेवटी पोर्टलवर चढवला होता. तो माझ्याकडे आला तोवर भिंतीचे चिरे अर्ध्यावर चढले होते. कोर्टात जा, असं मी त्याला म्हणू शकलो नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

का म्हणू शकलो नाही, ते एका जुन्या निकालावरून कळेल. 1977 च्या जानेवारीत मुंबई विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. अट होती, भरणारा नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलचालक हवा आणि पाच वर्षांचा अनुभव हवा. काम ज्याला मिळालं त्याच्यापाशी कँटीन चालवल्याचा अनुभव होता, पण तो या अटीत बसत नव्हता. रमणा शेट्टी नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांनी स्वतः टेंडर भरलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, अट सैल होणार हे ठाऊक असतं तर मीही भरलं असतं! 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तत्त्व मान्य केलं. सरकारी संस्थेनं स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक आहे, ती तिला मनाला येईल तशी मोडता येणार नाही. आजही टेंडरच्या प्रत्येक भांडणात हा निकाल काढला जातो. आणि शेट्टींच्या हाती काय आलं? काहीच नाही. ते पाच महिन्यांहून अधिक उशिरा आले होते, टेंडर त्यांनी भरलं नव्हतं, आणि तोवर समोरच्या माणसाचे सव्वा लाखाच्या आसपास रुपये खर्च झाले होते. कंत्राट तसंच राहिलं. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती भिंत आठवली.

दुसरी गोष्ट, कोर्ट तुमचे दर आणि त्यांचे दर तोलत बसत नाही. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून हे पक्कं आहे. निर्णय बरोबर की चूक हे नव्हे, तो कसा घेतला एवढंच तिथं पाहतात. म्हणून पर्वरीला, आपल्या हायकोर्टाच्या ठिकाणी, वकिलाकडे जाताना 'माझा दर कमी होता' हे घेऊन जाऊ नका. तीच चूक दुसऱ्याची चालवून घेतली का, अट मागाहून बदलली का, ते घेऊन जा. 2024 मध्ये बन्शीधर कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात कोळसा कंपनीनं दिलेलं कंत्राट रद्द झालं, ते याचसाठी. एकाला एका कागदावरून बाहेर काढलं होतं आणि दुसऱ्याच्या त्रुटी पोटात घातल्या होत्या.

स्थगितीची आशा मात्र फार धरू नका. पायाभूत सुविधांची कामं अडू नयेत म्हणून 2018 मध्ये कायदाच बदलला. 2022 मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईकडे पाहा. मला यात तथ्य वाटतं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. मार्चमध्ये स्थगिती मिळाली तर ओहोळाची भिंत त्या वर्षी होतच नाही, आणि पाणी शिरतं ते गावकऱ्यांच्या घरात.

पण म्हणूनच तक्रार ऐकायची जागा कोर्टाच्या आधी हवी, वर्क ऑर्डर निघण्याच्या आधी. अमेरिकेत फेटाळलेला निविदाधारक तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडे साधारण 10 दिवसांत जातो, निकाल 100 दिवसांत लागतो, आणि वेळेत गेलेल्यासाठी कंत्राट सहसा तेवढे दिवस थांबतं. तामिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी अपिलाची तरतूद असलेले कायदे केले. केंद्राचं सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत आलं आणि 2014 मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही बाद झालं. हे माझ्या मते मोठं नुकसान झालं. राहिला केंद्र सरकारच्या खर्च-खरेदीच्या नियमांतला, म्हणजे 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला, 173 वा नियम. निविदेच्या अटींवर, प्रक्रियेवर आणि फेटाळण्यावर प्रश्न विचारता यावा, अशी सोय निविदा कागदपत्रांतच असावी, असं तो सांगतो. टेंडर हाती आलं की आधी ते कलम शोधा.

तोच कंत्राटदार दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आला, यावेळी प्री-बिड बैठकीच्या, म्हणजे टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीच्या, आधी. एक अट त्याला खटकली होती. आम्ही लेखी विचारलं, पोच घेतली. बैठकीत अधिकाऱ्यानं ती अट वाचली, शेजारच्याला दाखवली, आणि चार दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं. काम त्याला मिळालं नाही, दुसऱ्याचा दर कमी होता. तो स्वतः येऊन मला तसं सांगून गेला, आणि जाताना पुढच्या टेंडरची तारीख विचारून गेला.