आधी खाऊ, मग फायटरची जोडी

(दृश्य: श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला टाचणीची भोकं.)

या डब्यात मासा नाही. शिजवून गार केलेल्या ओट्सचा बोटभर थर आहे, त्यावर चिमूटभर यीस्ट आणि मायक्रोवर्मचं, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायच्या बारीक किड्यांचं, चमचाभर विरजण. तीन-चार दिवसांत डब्याच्या कडांवर ओलसर, वळवळणारी जाळी चढते. जवळून पाहा: मिलिमीटरभर लांबीचे पांढरे किडे. वास आंबूस येतो, घरातून तक्रारही येते. पण फायटर माशाची, म्हणजे बेट्टाची पैदास इथूनच सुरू करायची. पिल्लं मरतात ती बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात, उपासमारीनं. अंडी फुटल्यावर खाऊ शोधायला निघालं, तर उशीर झालेला असतो.

आता टाकी. दीड फुटी टाकीत पाणी फक्त 12 ते 15 सेंटीमीटर. त्याचं कारण पुढे दिसेलच. तळाला खडी नको, अंडी फटीत जातात. नळाचं पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन घालवायचा. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं वाळलेलं एक पान धुऊन सोडलं, की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. हीटर 27-28 अंशांवर. पुण्यात थंडीत रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हीटरशिवाय जोडी लावूच नये. पावसाळा सगळ्यात सोयीचा, कारण हवा दमट असते.

(दृश्य: पाण्यावर बबल रॅपचा तळहाताएवढा तुकडा, फुगीर बाजू खाली.)

नर याच्याखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादी आधी कापलेल्या बाटलीत, त्याच्या नजरेसमोर ठेवायची. तिच्या पोटाखाली पांढरा ठिपका आणि अंगावर उभे पट्टे दिसले, घरटंही भरलं, की बाटली उचलायची. पट्टे आडवे असतील तर ती घाबरलेली आहे, थांबा. सोडल्यावर पाठलाग होतो, पंख थोडे फाटतात. तेवढ्यानं घाबरून मध्ये हात घालू नका. लपायला झाडोरा मात्र हवा. मादी कोपऱ्यात निपचित पडली तर लगेच बाहेर काढा.

नर मादीभोवती वेटोळं घालतो. काही क्षण दोघंही गोठल्यासारखे. मग रव्यासारखी पांढरी अंडी तळाकडे पडू लागतात आणि नर एकेक तोंडात धरून घरट्यात चिकटवतो. पाणी उथळ ठेवलं ते त्याच्या या खेपांसाठी. काही तासांत हे आटोपतं. मादीला लगेच वेगळं करायचं, नाहीतर नर तिला सोडत नाही. रात्री मंद दिवा चालू ठेवा, अंधारात त्याला पडलेली अंडी सापडत नाहीत. पहिलटकर नर कधीकधी अंडी खाऊन टाकतो. खाल्ली, तर दोन-तीन आठवडे खाऊपिऊ घालून पुन्हा जोडी लावा.

दीड-दोन दिवसांत घरट्याखाली शेपट्या लोंबू लागतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहतात, तेव्हा नर बाहेर. आता तो डबा उघडायचा: कडेवरून बोट फिरवून किडे वाटीभर पाण्यात खळबळायचे आणि दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे ड्रॉपरनं सोडायचे. आठवड्याभरानं ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीची अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं. ती खाऊन माशाच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात. दिसली नाहीत, तर खाऊ पोहोचलेला नाही.

टाकीवर क्लिंग फिल्म ताणून लावा, हवेला छोटी फट ठेवून. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लांचा हवेतून श्वास घेणारा अवयव तयार होऊ लागतो. तेव्हा पाण्यावरची हवा गार किंवा कोरडी असली, तर कालपर्यंत धडधाकट असलेली पिल्लं पटापट दगावतात.

दोन-अडीच महिन्यांत नर एकमेकांवर कल्ले फुगवू लागतात. शंभर पिल्लं जगली, तर त्यातले पन्नासेक नर निघू शकतात. प्रत्येकाला वेगळी बरणी, प्रत्येक बरणीचं पाणी नेमानं बदलायचं. वन बीएचकेच्या गॅलरीत पन्नास बरण्या कुठे बसतील, ते बबल रॅप कापण्याआधीच मोजून घ्या.