काही सुचलं नाही की कफ्राव

[दृश्य : बँकॉक, ख्लाँग तोई बाजार. सकाळचे 6. ओली फरशी, बर्फावरचे मासे, हातगाड्यांची ढकलाढकल.]

भाजीवालीच्या पाटीत तीन जुड्या शेजारी शेजारी आहेत. पहिली होराफा, म्हणजे आपल्या सब्जाचं भावंड. दुसरी माएंगलाक, लिंबाच्या वासाची. तिसरीचं एक पान मी चुरडलं, नाकाशी नेलं आणि थेट डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत पोचले. तुळस! वनस्पतिशास्त्राच्या लेखीही ती तुळसच. आपल्याकडे राम तुळस आणि कृष्ण तुळस, तशी इथेही पांढरी आणि तांबडी. इथे तिला कफ्राव म्हणतात, आणि डुकराच्या खिम्यात घालतात.

मी जुडी खाली ठेवली. त्या दिवशी नुसती कोथिंबीर घेऊन घरी आले.

[दृश्य : गल्लीतलं खाणावळीचं टेबल. कढईतून उठणारा जाळ.]

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं बँकॉकमध्ये होतो. पहिले सहा महिने मी थाई स्वयंपाकातलं काहीही शिकले नाही, कारण गरजच पडली नाही. इथल्या कित्येक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर नावापुरतं असतं, काहींत तेही नसतं. संध्याकाळी कामावरून परतताना लोक कोपऱ्यावरून रस्सा, भाजी, भात पिशव्यांत बांधून नेतात. अशा बायकांसाठी थाई भाषेत एक चेष्टेचा शब्द आहे : ‘प्लास्टिकच्या पिशवीची गृहिणी’. मी त्यातलीच एक झाले होते.

मग भेटल्या शेजारच्या मावशी. गल्लीत सगळे त्यांना ‘पा’ म्हणत. आईवडिलांहून वयाने मोठ्या बाईला थाई भाषेत पा म्हणतात. त्या मला ‘नू’ म्हणायच्या. नू म्हणजे उंदीर. राग मानू नका, तिथे लहानांना लाडाने असंच म्हणतात. ज्या बारीक मिरचीने माझे सगळ्यात जास्त हाल केले तिचं नाव ‘फ्रिक खी नू’, म्हणजे उंदराच्या लेंडीची मिरची. तेव्हा या गोष्टीत उंदीर दोन आहेत.

[दृश्य : पांच्या गॅलरीतली शेगडी. अंडं फेटणारे हात.]

पहिला धडा खाय च्याव, म्हणजे थाई आम्लेट. अंडी फेटायची, मिठाऐवजी त्यात नाम प्ला घालायचं आणि कढईत भजी तळता येतील एवढ्या कडकडीत तेलात वरून ओतायचं. ते भसकन फुगतं, कडा जाळीदार होतात. गरम भातावर ठेवलं की जेवण तयार. नाम प्ला म्हणजे बारीक मासळी आणि मीठ वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवून काढलेलं पाणी. बाटली उघडल्यावर येतो तो वास सुकट-बोंबलावर वाढलेल्या माणसाला घाबरवत नाही. बाकीच्यांनी नाक धरावं आणि पुढे जावं.

अंड्यात नाम प्ला किती घालायचं, असं मी विचारलं. पा म्हणाल्या, “छिम.” चाख.

इथेच माझी पंचाईत झाली. आमच्या घरात स्वयंपाक करताना चाखत नाहीत. नैवेद्य दाखवण्याआधी उष्टं कसं करायचं? माझी आजी आमटीच्या वासावरून मीठ ओळखायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. हे मी मोडक्या थाईत पांना सांगितलं. त्यांनी कालथा खाली ठेवला. “मग तुला कळतं कसं?” त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

पांच्या स्वयंपाकघरात मोजायचा चमचा नव्हता. लिंबू एक दिवस आंबट निघतं, एक दिवस नुसतंच रसाळ. मिरची पावसाळ्यात वेगळी लागते. मग माप कसलं धरायचं? खारट, आंबट, गोड, तिखट, यातलं काय कमी पडलंय ते जिभेने सांगायचं आणि तेवढंच वाढवायचं. दर वेळी, गॅस बंद करण्याआधी. मी महिनाभर डोळे मिटून चाखत होते, चोरी केल्यासारखी.

[दृश्य : दगडी खल. मिरची-लसूण ठेचण्याचा आवाज.]

हा खल. थाई भाषेत ख्रोक. चोनबुरी प्रांतातल्या आंग सिला गावचे दगडी ख्रोक नावाजलेले आहेत. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करायला मात्र मातीचा उंच ख्रोक लागतो, कारण तिथे पपई चेचायची असते, वाटायची नसते.

मला शहाणपण सुचलं. मिरची-लसूण मी मिक्सरमधून काढलं, फिरत नव्हतं म्हणून पाणीही घातलं. ते गंधासारखं वाटण तेलात पडल्यावर उडालं, कढईला चिकटलं आणि कडू झालं. पा हसल्या आणि बत्ता माझ्या हातात दिला. ठेचायचं, भरड ठेवायचं. ज्या बाईचा जन्म ठेचा-भाकरीत गेला, तिला हे परदेशात जाऊन ऐकावं लागलं!

कोथिंबिरीची मुळंही टाकायची नाहीत. मूळ, लसूण, पांढरी मिरी ही त्रयी एकत्र ठेचतात, तिला ते ‘तीन सवंगडी’ म्हणतात. आपल्या बाजारात जुडी मुळांसकट मिळते आणि आपण ती मुळं कचऱ्यात टाकतो. आता माझ्या फ्रीजरमध्ये त्यांचा डबा आहे.

[दृश्य : कढई तापते. धूर. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी खोकतं.]

आता कफ्राव. इंग्रजीत या पदार्थाच्या नावाआधी ‘पॅड’ लिहितात, त्या शब्दाचा उच्चार खरं तर ‘फत’, म्हणजे परतलेलं. खाणावळीत काय मागवावं ते सुचत नसलं की थाई माणूस फत कफ्राव मागवतो. त्याला नावच पडलंय ‘विचार संपल्यावरचं जेवण’. आपल्याकडे पिठलं-भात आहे तसं.

दोघांसाठी पाव किलो कोंबडीचा खिमा. सहा लसूण पाकळ्या आणि आठ-दहा उंदीर-मिरच्या ठेचलेल्या. (डोंबिवलीत मी लवंगी चार घालते.) तापल्या तेलात ठेचा पडला की ठसका लागतो, लागायलाच हवा. खिमा मोकळा परतायचा. चमचाभर ऑयस्टर सॉस, चमचाभर नाम प्ला, अर्धा चमचा साखर, शिंतोडाभर पाणी. चाखायचं. गॅस बंद करून मगच मूठभर पानं घालायची आणि दोनदा उलथायची. पानं शिजवली की वास गेला.

बरोबर भात आणि भरपूर तेलात कुरकुरीत कडेचं तळलेलं अंडं. कांदा, बेबी कॉर्न, चवळीच्या शेंगा घालाव्यात की नाही यावर तिथे कडाक्याचे वाद होतात. पा शेंगा घालतात. मी बाजू घेत नाही.

[दृश्य : गवती चहाच्या काड्या, कुळिंजनाच्या चकत्या.]

तोम यम कुंग, म्हणजे कोळंबीचं आंबट-तिखट सूप. त्याला युनेस्कोच्या यादीत 2024 साली जागा मिळाली, पण त्याचं अर्धं सामान आपल्या ओळखीचं आहे. चहात घालतो तो गवती चहा, फक्त इथे पातं नव्हे, खालचा पांढरा दांडा ठेचून घालायचा. घसा बसल्यावर चघळतो त्या कुळिंजनाचा ताजा कंद. माक्रूट लिंबाची फाडलेली पानं. हे खायचं नसतं, आमसुलासारखं ताटाच्या कडेला काढायचं. कोळंबीची डोकी त्यातच उकळायची. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळायचं, नाहीतर कडवट होतं.

नारळाच्या रश्शांबद्दल कोकणातल्या माणसाला काय सांगायचं? जाड दूध तेल सुटेपर्यंत आटवायचं, वाटण त्यात परतायचं, पातळ दूध मागाहून. आणि एक गुपित : हिरव्या रश्शाचं वाटण पा घरी करत नाहीत. बाजारातल्या ढिगातून पाव किलो आणतात.

[दृश्य : डोंबिवली. गॅलरीत दोन कुंड्या.]

परत येताना वाटलं होतं, हे सगळं तिकडेच राहील. पण कुंडी वेगळी केली. एक तुळस पूजेची, दुसरी स्वयंपाकाची. सासूबाई दोन्हींना एकाच तांब्याने पाणी घालतात, काही बोलत नाहीत. पहिल्यांदा बेत ठरला तो रविवार होता, खिमा आणून ठेवला होता. मी कात्री घेऊन गॅलरीत गेले तर आतून हाक आली, “अगं, आज रविवार. तुळस तोडत नाहीत.”

“आई, ही त्या कुंडीतली...”

“कुंडी कुठलीही असो.”

म्हणून आमच्याकडे कफ्राव बुधवारी होतं.