रात्रीचे अकरा, अल्पवयीन मुले आणि गावाचा नियम

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की शाळा, मोबाइल, पुढे गाडी चालवण्याचा परवाना या विषयांवर घरोघरी बोलणे होते. मात्र आपण राहतो त्या गावात रात्री किती वाजल्यानंतर आपल्या मुलाने एकट्याने रस्त्यावर असणे नियमाविरुद्ध ठरते, असे विचारले तर फार थोड्या आईवडिलांना उत्तर देता येईल. हा नियम देशभर एकसारखा नाही. काही ठिकाणी तो राज्याचा कायदा असतो, काही ठिकाणी शहराचा उपविधी असतो आणि काही ठिकाणी तो मुळीच नसतो. त्यामुळे महामार्गावरून वीस मिनिटे पुढे गेले की मुलाला घरी परतण्याची वेळही बदललेली असते. आजच्या भाषणात या नियमांविषयी बोलायचे आहे, आणि माझे मत आरंभीच सांगतो: मुलांना रात्री सुरक्षित ठेवण्याचा हेतू मला पूर्ण मान्य आहे, परंतु केवळ रस्त्यावर असणे हाच अपराध ठरवणारा नियम तो हेतू साधत नाही, आणि त्याचा भार ज्या मुलांवर पडायला नको त्यांच्यावरच अधिक पडतो.

या नियमांचा इतिहास जुना आहे. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराने १८८० मध्ये अल्पवयीन मुलांसाठी रात्रीची संचारबंदी लागू केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत हे लोण शेकडो गावांत पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात वडील आघाडीवर आणि आई कारखान्यात अशी घरे वाढली, तेव्हा या नियमांना पुन्हा जोर आला. तिसरी लाट १९९० च्या दशकातली आहे. त्या दशकाच्या आरंभी तरुणांमधील हिंसाचार वाढला होता, शहरे भयभीत होती, आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अशा संचारबंदीला जाहीर पाठिंबा दिला. आज आपल्याला जे नियम दिसतात त्यांतील बहुतेकांचा साचा याच काळातला आहे.

त्या साच्याचे उत्तम उदाहरण म्हणजे टेक्सासमधील डॅलस शहराचा १९९१ चा उपविधी. सतरा वर्षांखालील मुलाने रविवार ते गुरुवार रात्री अकरा ते सकाळी सहा, आणि शुक्रवारी व शनिवारी मध्यरात्री बारा ते सकाळी सहा या वेळेत सार्वजनिक जागी असू नये, असे त्यात म्हटले होते. मोडल्यास पाचशे डॉलरपर्यंत दंड होता आणि जाणूनबुजून मोकळीक देणारे पालक व दुकानदारही त्यात सापडत. त्याबरोबर अपवादांची लांबलचक यादी होती. आईवडील सोबत असतील, त्यांनी सांगितलेल्या कामासाठी मूल थेट जात-येत असेल, नोकरीवरून परतत असेल, आणीबाणीचा प्रसंग असेल, शाळेच्या वा धार्मिक संस्थेच्या कार्यक्रमातून येत असेल, किंवा राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याचा वापर करीत असेल, तर नियम लागू नव्हता. या अपवादांमुळेच १९९३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने डॅलसचा नियम वैध ठरवला, आणि मग अनेक शहरांनी त्याची जवळजवळ जशीच्या तशी नक्कल केली.

सगळी न्यायालये मात्र एका मताची नाहीत. सॅन डिएगो शहरात १९४७ पासून असा नियम होता की अठरा वर्षांखालील मुलाने रात्री दहा ते पहाटेपर्यंत सार्वजनिक जागी रेंगाळू नये, रिकामे बसू नये, भटकू नये, फेरफटका मारू नये किंवा खेळू नये. क्रियापदांची ही यादी इतकी सैल होती की त्या वेळेत काय केलेले चालेल हे ना मुलाला कळे, ना पोलिसाला. १९९७ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. कनेक्टिकटमधील व्हर्नन या गावाचा नियम २००३ मध्ये असाच गेला. याउलट राजधानी वॉशिंग्टनचा नियम १९९९ मध्ये टिकला. या वादाचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने आजवर दिलेला नाही, म्हणून प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने उभा राहतो.

यांतील एक खटला थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण कागदावरचे अपवाद रस्त्यावर किती उपयोगी पडतात हे त्यातून स्पष्ट दिसते. १९९९ चा उन्हाळा संपत आलेला होता. इंडियानापोलिस शहरात माध्यमिक शाळेतील एक मुलगा आणि त्याचे तीन मित्र शाळेचा फुटबॉलचा सामना पाहून एका उपाहारगृहात जेवायला गेले. जेवून ते बाहेर पडले तेव्हा अकरा वाजून गेलेले होते. पोलिसांनी त्यांना तेथेच अटक केली, हातात बेड्या घातल्या आणि त्या रात्री पकडलेल्या इतर मुलांबरोबर तपासणीसाठी नेले. मद्य आणि अमली पदार्थांसाठी त्यांची चाचणीही झाली. त्या मुलाच्या आईने दावा लावला. त्यानंतर इंडियानाच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि धार्मिक कार्य, राजकीय सभा वा भाषणस्वातंत्र्याच्या इतर वापरासाठी बाहेर असलेल्या मुलाला न्यायालयात तसा बचाव मांडण्याची सोय ठेवली. २००४ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने सांगितले की एवढी सोय पुरेशी नाही. बचाव न्यायालयात मांडायचा असतो, आणि तोपर्यंत मुलाला अटक होऊन गेलेली असते. ज्या मुलाला एखाद्या सभेला किंवा प्रार्थनेला जायचे आहे ते अटकेच्या भीतीनेच घरी बसेल. पुढे इंडियानाने कायद्याची रचना पुन्हा बदलली आणि संचारबंदी चालू ठेवली.

मला या निकालाचे मोल त्यातील कायद्याच्या काथ्याकुटापेक्षा एका साध्या वस्तुस्थितीत वाटते. अपवाद कितीही उदार असला तरी तो लागू आहे की नाही हे त्या क्षणी ठरवतो तो रस्त्यावरचा पोलीस. पंधरा वर्षांचा मुलगा घाबरलेला असतो, तो धड बोलत नाही, त्याच्याजवळ मालकाचे पत्र नसते, आई रात्रपाळीला असल्याने फोन उचलत नाही, आणि मग ज्याच्याकडे पाहून पोलिसाला आधीच संशय आला आहे त्याला अपवादाचा लाभ कमी मिळतो. अनेक शहरांत या नियमाखाली पकडल्या गेलेल्या मुलांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार अधिक राहिले आहे. ज्या मुलाच्या घरी अंगण आहे, तळघरात खेळायची खोली आहे, आणि मित्राकडून आणायला गाडी जाते, त्याला हा नियम क्वचितच भेटतो. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात आणि उन्हाळ्यात घर तापते, त्या घरातील मुलगा पायरीवरून उठून कोपऱ्यापर्यंत गेला की नियमात सापडतो. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे पहिल्या प्रकारात मोडतात, आणि म्हणून दुसऱ्या प्रकारच्या घरांचा विचार आपण आवर्जून करायला हवा असे मला वाटते.

एवढे करून गुन्हे कमी होतात का, हा रास्त प्रश्न आहे. २०१६ मध्ये या विषयावरील बारा अभ्यासांचा एकत्रित पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. संचारबंदीमुळे अल्पवयीनांचे गुन्हे, किंवा अल्पवयीनांवर होणारे गुन्हे, घटल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट दिशेचे निष्कर्ष काढणारा एखाददुसरा अभ्यास आहे, हे मान्य करायला हवे, परंतु एकूण कौल नियमाच्या बाजूने नाही. त्यामागचे एक कारण घड्याळातच आहे. शाळेच्या दिवशी अल्पवयीनांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे सर्वाधिक असतात ते दुपारी शाळा सुटल्यानंतरच्या तास-दोन तासांत, जेव्हा आईवडील कामावर असतात आणि मूल रिकामे असते. रात्री अकराच्या नियमाला तो वेळ गवसतच नाही.

दुसरे कारण वॉशिंग्टन शहराच्या अभ्यासातून पुढे आले. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये संचारबंदी दररोज मध्यरात्री सुरू होत असे आणि सप्टेंबर लागला की शाळेच्या आदल्या रात्री ती अकराला सुरू होई. म्हणजे अकरा ते बारा हा एक तास ऑगस्टमध्ये मोकळा आणि सप्टेंबरमध्ये बंद. शहरात गोळीबाराचा आवाज टिपणारी यंत्रे बसवलेली होती, त्यामुळे कोणी तक्रार नोंदवली की नाही यावर अवलंबून न राहता दोन संशोधकांना प्रत्यक्ष गोळीबार मोजता आला. त्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की त्या एका तासात गोळीबाराच्या घटना कमी होण्याऐवजी सुमारे दीडशे टक्क्यांनी वाढल्या. त्यांनी सुचवलेले स्पष्टीकरण मला पटते: नियम पाळणारी साधी माणसे रस्त्यावरून उठून गेली, पाहणारे डोळे कमी झाले, आणि ज्यांना नियमाची पर्वा नव्हती त्यांना रस्ता मोकळा मिळाला. गावाकडे रात्री पारावर चार माणसे बसलेली असली की वाट सुरक्षित वाटते, हा आपला अनुभव याहून वेगळे सांगत नाही.

या ठिकाणी आइसलंडचे नाव हमखास निघते. तेथे कायद्यानेच बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी दहानंतर मोठ्यांच्या सोबतीशिवाय बाहेर राहू नये असे ठरवले आहे. उन्हाळ्यात दोन्ही वेळा दोन-दोन तासांनी पुढे जातात. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागील महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते, आणि २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मात्र त्याचे श्रेय एकट्या वेळेच्या बंधनाला देणे चुकीचे ठरेल. त्याच काळात तेथे क्रीडासंघ, संगीतवर्ग आणि नृत्यवर्ग उभे राहिले, त्यांच्या शुल्कासाठी रेक्याविक शहराने प्रत्येक मुलामागे अनुदान दिले, आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री पालक स्वतः गटागटाने वस्तीतून फेऱ्या मारू लागले. तेथे नियमाच्या जोडीला माणसे आणि जागाही उभ्या होत्या, हा भेद अमेरिकेतील नगरपरिषदांच्या चर्चेत बहुधा गळून जातो.

सध्या देश दोन दिशांना ओढला जातो आहे. ऑस्टिन शहराने २०१७ मध्ये आपली संचारबंदी रद्द केली, आणि टेक्सास राज्याने तर १ सप्टेंबर २०२३ पासून शहरांना अल्पवयीनांसाठी संचारबंदी लावण्यास मनाईच केली. ज्या डॅलसचा नियम देशाने उचलला, तेथेच तो संपला. दुसरीकडे शिकागोने २०२२ मध्ये मिलेनियम पार्कजवळ सोळा वर्षांचा मुलगा गोळीबारात मरण पावल्यानंतर वेळ रात्री दहापर्यंत अलीकडे आणली. २०२५ मध्ये तेथील नगरपरिषदेने अर्ध्या तासाच्या सूचनेने कोठेही संचारबंदी लावण्याचा अधिकार पोलिसांना देणारा ठराव मंजूर केला, तो महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरून थांबवला. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनने काही भागांत रात्री आठनंतर नऊ किंवा अधिक मुलांनी एकत्र जमण्यास बंदी घालण्याची तरतूद केली. रस्त्यात हाणामाऱ्या होत असताना नगरसेवकांवर काहीतरी करून दाखवण्याचा दबाव असतो, हे मी समजू शकतो. परंतु त्यांच्यासमोर फिलाडेल्फियाचेही उदाहरण आहे. तेथे संचारबंदी आहेच, पण रात्री सापडलेल्या मुलाला पोलीस ठाण्याऐवजी वस्तीतील सायंकालीन केंद्रात नेण्याची सोय केली आहे. तेथे त्याला जेवायला मिळते, समाजसेवक त्याच्याशी बोलतो आणि पालक येईपर्यंत ते मूल तेथेच थांबते.

आता आपल्या घरांविषयी. न्यू जर्सीत आपली मोठी वस्ती आहे. तेथील राज्य कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत अल्पवयीनांना संचारबंदी लावण्याची मुभा दिली आहे. शाळेचे उपक्रम, धार्मिक वा सामाजिक संस्थांचे आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांना त्यात सूट आहे. म्हणजे मंडळाच्या नाटकाची तालीम किंवा गणेशोत्सवाचा कार्यक्रम संपवून येणाऱ्या मुलाला नियमाची आडकाठी नाही. तरीही आयोजकांनी तालमीचे वेळापत्रक पालकांना लेखी द्यावे आणि ते मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्यावे, कारण रात्री साडेदहाला अडवलेल्या मुलाला आपण कोठून येत आहोत हे दाखवता आले पाहिजे. आपल्या गावाचा उपविधी नगरपालिकेच्या कार्यालयात मागितला की मिळतो. त्यातील वयोमर्यादा, वेळा आणि अपवाद मुलाबरोबर बसून वाचावेत. पोलिसांनी थांबवले तर पळू नये, हात दिसतील असे ठेवावेत, नाव आणि पालकाचा क्रमांक सांगावा आणि बाकी प्रश्नांसाठी आईवडिलांना बोलवावे, एवढे तरी मुलाला आधी सांगून ठेवावे.

आपल्या गावात असा नियम नव्याने येत असेल तर त्यावर जाहीर सुनावणी होते आणि तेथे रहिवाशाला बोलता येते. आपण सहसा मालमत्ता कर आणि शाळेची हद्द याच विषयांसाठी त्या सभांना जातो. या विषयासाठीही जावे, असे मी कळकळीने सांगतो. नियमभंग केलेल्या मुलाला कोठे नेणार, पहिल्या वेळी लेखी ताकीद देणार की दंड, त्याच्या नावावर कायमची नोंद राहणार का, अडवलेल्या मुलांची वर्ण आणि वस्तीनिहाय आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करणार का, आणि शाळेची व्यायामशाळा व गावाचे ग्रंथालय दुपारी तीननंतर आणि उन्हाळ्याच्या रात्री किती वाजेपर्यंत मुलांसाठी उघडे ठेवणार, हे प्रश्न तेथे विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.

नमस्कार.