रुई : कुणाचेच नसलेले झुडूप

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो, आजचा जाहीर विषय रुईचा इतिहास हा आहे, पण रुई ओळखू यावी म्हणून आपल्यापैकी कुणालाही तिचे चित्र दाखवायला नको. तिची टपोरी कळी दोन बोटांत दाबून फोडण्याचा अपराध लहानपणी आपण सर्वांनी केलेला आहे आणि बोंड उकलल्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागेही धावलेलो आहोत. माझे म्हणणे असे की, या झुडपाला जो मान मिळाला तो ते पवित्र म्हणून नव्हे, तर ते कुणाच्याच मालकीचे नव्हते म्हणून मिळाला. ते कुणी पेरत नाही, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि तरीही बांधावर, पडीक रानात, स्मशानाच्या वाटेवर ते भर उन्हाळ्यातही हिरवे असते.

महाभारताच्या आदिपर्वातील उपमन्यूची कथा आपल्याला ठाऊकच आहे. तरी मी ती सांगणार आहे, कारण तिचा खरा अर्थ कुणी सांगत नाही. धौम्य ऋषींच्या गाई राखणाऱ्या या शिष्याने भिक्षा आणली, ती गुरूंनी ठेवून घेतली. त्याने दुसऱ्यांदा भिक्षा मागितली, तर त्यात इतर भिक्षेकऱ्यांचा वाटा जातो म्हणून तीही बंद झाली. गाईंचे दूध प्यायला, तर त्यासाठी गुरूंची परवानगी नव्हती. वासरांच्या तोंडचा फेस चाटला, तर दयाळू वासरे त्याच्यासाठी जास्त फेस टाकून स्वतः अर्धपोटी राहतात, असे गुरूंनी सुनावले. (असे मार्गदर्शक आजही भेटतात, नावे घेत नाही.) अखेर त्याने रुईची पाने खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. पुढे अश्विनीकुमारांनी दृष्टी दिली, पण मला विहिरीपेक्षा त्या पानांचे महत्त्व अधिक वाटते. साऱ्या रानात ज्याच्यावर कुणाचाच हक्क नव्हता असे अन्न तेवढेच उरले होते.

अर्क म्हणजे रुईच, आणि अर्कविवाहातही हेच दिसते. पुरुषाचे तिसरे लग्न अशुभ, म्हणून ते रुईशी लावायचे आणि प्रत्यक्ष वधूला चौथी ठरवायचे. ज्या नवरीला माहेर नाही, तिच्या वतीने तक्रार कोण करणार?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा जाहीर केलेला इतिहास आता धावतच सांगतो. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील शतरुद्रीय होमात रुद्राला आहुती द्यायची ती रुईच्या पानाने, आणि त्याच विधीत रानतीळही येतात. गावाबाहेरच्या देवाला गावाबाहेरचेच साहित्य. अर्क म्हणजे सूर्यही, म्हणून रथसप्तमीच्या स्नानाला तिची सात पाने. सालीच्या चिवट धाग्यांची धनुष्याची दोरी आणि मासेमारीची जाळी झाली, लाकडाचा हलका कोळसा बंदुकीच्या दारूत गेला, आणि चिकाने काटा निघाला तसा तो चीक डोळ्यांतही गेला.

राहता राहिला मारुती. आमच्या वसाहतीच्या कुंपणालगतची रुई गेल्या वर्षी ‘विषारी तण’ म्हणून मुळासकट उपटण्यात आली. ती उपटवून घेणारे गृहस्थ दर शनिवारी देवळासमोर रांगेत उभे राहून तिच्याच पानांची माळ विकत घेताना मी पाहतो.