टीव्ही बदलायच्या आधी बॅटरी मारून बघा

श्रोतेहो, नमस्कार. घरातला टीव्ही किती वर्षं चालावा? आताचा एलईडी सेट साधारण सात ते दहा वर्षं साथ देतो. पण चित्र गेलं म्हणजे टीव्ही संपला, असं नाही. पुन्हा सांगते, चित्र गेलं म्हणजे टीव्ही संपला, असं अजिबात नाही.

आमच्या इंदूरच्या नारायण बागेतल्या काकूंकडे काय झालं ते ऐका. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी त्यांच्या टीव्हीचा पडदा काळा पडला. आवाज मात्र खणखणीत! सेट जेमतेम सहा वर्षांचा. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, नवीन पाठवतो, तो देऊन टाक." एका दुकानदारानंही सेट न उघडताच सांगितलं, पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा काचेचा पडदाच, गेलं. काकू हटून बसल्या. "डॉक्टर नाडी तरी बघतो, यानं तेवढंही केलं नाही!"

मग महाराणी रोडवरचे एक जुने मेकॅनिक आले. त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे घालवले, टीव्ही चालूच ठेवला आणि बॅटरीचा झोत काचेला चिकटवून तिरका धरला. त्या उजेडात बातम्या देणारी बाई अंधूक दिसायला लागली, अगदी ओठ हलताना! मेकॅनिक म्हणाले, "अम्मा, तस्वीर जिंदा है, पीछे का उजाला गया है." काकूंनी हातच जोडले. संध्याकाळी पलंगावर धुतलेली चादर अंथरून, काकूंच्या सुनेला दुसरी बाजू धरायला लावून मेकॅनिकनी ते नाजूक पॅनल उचललं आणि मागच्या एलईडीच्या पट्ट्या बदलल्या. पट्टीतले दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, एक उडाला की सगळी पट्टी विझते. निघताना त्यांनी सेटिंगमध्ये बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा हा उजेड, शंभरावरून साठावर आणला. दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या प्रत्येक सवाष्णीला काकूंनी बॅटरीचा प्रयोग सांगितला.

असं हात चालणारं माणूस ही शहराची दौलत आहे. आपल्या पोरांनी दोन वर्षं अशांच्या हाताखाली काढावीत, असं मला मनापासून वाटतं.

तर बॅकलाइट कमी ठेवा. दुकानात झळाळावा म्हणून ठेवलेला उजेड घरात लागत नाही. त्यानं पट्ट्या तापतात, लवकर जातात. सेटमागे हवा खेळू द्या, उष्णतेनं पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, फुगतात. वीज कडाडायला लागायच्या आधीच प्लग काढा आणि केबलची किंवा डिशच्या छत्रीची वायरही काढा. वायरही, बरं का! पाठ मात्र स्वतः उघडू नका, बंद सेटमध्येही वीज साठलेली असते.

स्मार्ट टीव्हीवरची अ‍ॅप्स चालेनाशी झाली, तर सेटच्या एचडीएमआय खाचेत अ‍ॅप्स चालवणारी छोटी स्टिक लावा, पडदा चांगला आहे ना? काच तडकली असेल तर मात्र नवीन घ्या, कारण सेटच्या किमतीतला मोठा भाग पॅनलचाच असतो. जुना सेट ई-कचऱ्यातच द्या. माळ्यावर पिक्चर ट्यूबवाला पडला असेल, तर तो फोडून भंगारात घालू नका, त्याच्या काचेत शिसं असतं.